चवथीच्या ताटात टिकणारा आहार : फोंडा तालुक्यातील एक प्रकरण

फोंडा तालुक्यात राहणाऱ्या आणि पणजीत नोकरी करणाऱ्या ४९ वर्षांच्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे हे प्रकरण आहे. ते माझ्याकडे प्रथम जून २०२४ मध्ये आले आणि येथे दिलेली शेवटची नोंद नोव्हेंबर २०२५ ची आहे. त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने मी हे लिहीत असून ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. आहार सल्लागार म्हणून काम करताना मधुमेहाचे रुग्ण रोजच भेटतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यातच, म्हणजे २६.४ टक्के आढळले, तर देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. त्यामुळे रुग्ण म्हणून हे गृहस्थ वेगळे नाहीत. तरीही त्यांचे प्रकरण मला सविस्तर मांडावेसे वाटते, कारण त्यांनी पावणेदोन वर्षांच्या आत जवळजवळ तेवढेच वजन दोनदा उतरवले, एकदा सात आठवड्यांत आणि एकदा सतरा महिन्यांत. वजनाचा आकडा दोन्ही वेळा सारखा दिसला, तरी त्यांच्या शरीरात आणि घरात जे घडले ते अगदी निराळे होते.

पहिला प्रयत्न

थोरल्या मुलीचे लग्न एप्रिल २०२४ मध्ये ठरले होते. त्याआधी पोट उतरले पाहिजे या हेतूने त्यांनी फेब्रुवारीत ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून वजन कमी करण्याच्या एका केंद्राची पावडर सुरू केली. सकाळी आणि रात्री पाण्यात कालवलेली पावडर आणि दुपारी काकडी, गाजर व मोड आलेले मूग एवढाच आहार होता. भात, पाव, नारळ आणि मासळी पूर्ण बंद होती. पहिल्या आठ दिवसांतच जवळपास तीन किलो वजन उतरल्यामुळे त्यांचा विश्वास बसला. यामागचे कारण साधे आहे, पण ते सहसा कोणी सांगत नाही. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. कर्बोदके एकदम तोडली की हा साठा रिकामा होतो आणि ते पाणीही निघून जाते. काट्यावर किलो-दोन किलो कमी झालेले दिसतात, परंतु चरबी त्या प्रमाणात हललेली नसते, आणि माणूस पुन्हा दोन वेळा भात जेवला की ते पाणी परत येते.

सात आठवड्यांत ते ८४.२ किलोंवरून ७६.८ किलोंवर आले. या काळात मधुमेहाच्या गोळ्या मात्र पूर्वीप्रमाणेच सुरू होत्या. त्यात मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड होते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. आपण जेवण निम्म्यावर आणले आहे हे त्यांनी डॉक्टरांना सांगितले नव्हते आणि केंद्रातही त्यांना कोणी गोळ्यांविषयी विचारले नव्हते. मार्चमध्ये एका सकाळी फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये, बाणस्तारीचा पूल ओलांडल्यावर, त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याचे बोलणे ऐकू येत असूनही त्याचा अर्थ लागेना. सहकाऱ्याने त्यांना उतरवून जवळच्या दवाखान्यात नेले. तेथे रक्तातील साखर ५४ निघाली. ती ७० च्या खाली गेली तरी धोक्याची समजतात. ग्लुकोज दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले. हा प्रसंग त्यांनी घरी सांगितला नाही, कारण लग्न तीन आठवड्यांवर आले होते. मला तो दुसऱ्या भेटीत कळला आणि या संपूर्ण प्रकरणात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे. वजन उतरले म्हणून लग्नात सगळे त्यांचे कौतुक करीत होते, आणि कौतुकाचा विषय झालेल्या त्या आहारानेच हा माणूस बसमध्ये बेशुद्ध पडण्याच्या बेतात आला होता.

लग्नाच्या दिवसापासून भात परत आला आणि मोठ्या भुकेसह आला. त्यांच्या पत्नींच्या शब्दांत सांगायचे तर, "वाढलेले पान संपले तरी त्यांचे डोळे टोपावरच असायचे." ही हावरेपणाची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून जो प्रयोग झाला, त्यातही हेच दिसले होते. ते तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले आणि बंधन सुटल्यानंतर त्यांच्यापैकी अनेकांची भूक पोट भरूनही शमत नव्हती. उपासमार झाली की शरीर जपून खर्च करू लागते आणि संधी मिळताच साठवू लागते. त्याला ती उपासमार मुलीच्या लग्नासाठी आहे की दुष्काळामुळे, हे कळण्याचा मार्ग नसतो. जूनमध्ये हे गृहस्थ माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांचे वजन ८६.१ किलो होते, म्हणजे पावडर सुरू करण्यापूर्वीपेक्षा सुमारे दोन किलोंनी अधिक.

पहिली भेट

उंची १६६ सेंटिमीटर, कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर आणि रक्तदाब १४२/९० अशी त्या दिवसाची नोंद आहे. भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर मानली जाते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, म्हणजे एचबीए१सी, ८.४ टक्के होता आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातील मेद, २४६. वडिलांनाही मधुमेह होता आणि त्यांच्या अखेरच्या वर्षांत पायाची जखम भरत नव्हती, हे सांगताना ते थोडा वेळ थांबले. नंतर त्यांनी जो प्रश्न विचारला तो माझ्याकडे येणारे बहुतेक जण विचारतात. "किती महिने करावे लागेल?"

या प्रश्नातच पहिल्या प्रयत्नाचे अपयश दडलेले होते. आहार म्हणजे ठरावीक मुदतीचे व्रत, त्याचे एक दिवस उद्यापन करायचे आणि मग मोकळे व्हायचे, अशी त्यामागची समजूत आहे. मी त्यांना उलट प्रश्न केला की, जे तुम्ही साठाव्या वर्षी, एखाद्या साध्या मंगळवारी, कोणी पाहत नसताना जेवाल असे तुम्हाला वाटते, तेवढेच आपण सुरू करू, चालेल का? त्यांनी होकार दिला, पण तो मनापासूनचा नव्हता हे मला दिसत होते.

ताटातले काहीही हलवण्यापूर्वी मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवले, कारण भात कमी करायचा आणि ग्लिमेपिराइड तसेच ठेवायचे, तर बसमधला प्रसंग पुन्हा घडला असता. डॉक्टरांनी गोळीची वेळ सकाळच्या भरपेट न्याहारीशी बांधली, घरी ग्लुकोमीटरने तपासणी करायला सांगितली आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवण्याची सूचना दिली. आहार बदलू पाहणाऱ्या प्रत्येक मधुमेही व्यक्तीने हा क्रम पाळला पाहिजे, असे मी आग्रहाने सांगते.

माझा पहिला आराखडा मात्र चुकला. मी त्यांना रोज दुपारी शंभर ग्रॅम मासळी लिहून दिली होती. त्यांच्या पत्नींनी कागद वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, एक जूनपासून बोटी बंद आहेत. आणि सोमवारी, गुरुवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही. मग श्रावण येईल. हे करायचे कधी?" त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि त्या दिवसांत नदी-खाडीची जी थोडी मासळी बाजारात येते ती मध्यमवर्गीय घराला रोज परवडत नाही. कागदावर निर्दोष दिसणारा माझा आराखडा त्या घरात पहिल्याच आठवड्यात मोडला असता, आणि मोडल्याचा दोष त्या गृहस्थांनी स्वतःच्या मनोबलाला दिला असता.

त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवली आणि त्या घराचे वर्ष तिच्यावर मांडले. मासेबंदी, श्रावण, चवथ (गणेशचतुर्थी), दिवाळीचे फोव (पोहे), गावची जत्रा, लग्नसराई आणि मार्च ते मे उर्राकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासूनच्या मद्याचा, हंगाम हे सर्व त्यावर आले. उर्राकाची नोंद त्यांनी संकोचत केली, पण ती करणे अत्यावश्यक होते, कारण ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने रिकाम्या पोटी मद्य घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. या दिनदर्शिकेवर जे टिकणार नाही ते आराखड्यात घालायचे नाही, असे आम्ही तिघांनी ठरवले.

भाताचे माप

पुढच्या भेटीला येताना मी घरातले रोजचे ताट, भात वाढायची रोजची दवली (पळी) आणि शिजवलेल्या भाताचा डबा आणायला सांगितला. पत्नींनी ते सर्व एका जुन्या पंचात बांधून आणले होते. मी गृहस्थांना म्हटले, नेहमी वाढून घेता तसे घ्या. त्यांनी चार दवल्या घातल्या, मग हात थांबला, आणि "हुमण असले की आणखी एक" असे म्हणून पाचवी घातली (हुमण म्हणजे नारळाच्या वाटणातील मासळीची आमटी). काट्यावर तो भात ४२० ग्रॅम भरला. शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे एका जेवणातच ११५ ते १२० ग्रॅम. ते काट्याकडे पाहत म्हणाले, "माझे वडील याहून जास्त जेवायचे."

ते खरेच होते. वडील कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, काम करीत. पहाटे पाटाचे पाणी फिरवायचे, पोफळीवर चढायचे, सुपारीच्या गोणी डोक्यावरून आणायच्या आणि दहा वाजता पेज, सोबत खाऱ्यातली कैरी किंवा सुका बांगडा, असा त्यांचा दिवस असे. मुलाने नोकरी धरली आणि तो खुर्चीत बसला. भाताचे माप वारशाने त्याच्या ताटात आले, कष्ट मात्र कुळागरातच राहिले. मला वाटते गोव्यातील कितीतरी घरांची हीच कथा आहे. तेथे भाताला खलनायक ठरवून काही साधत नाही, कारण भात सोडलेला गोवेकर फार दिवस तसा राहत नाही.

उकड्या तांदळाविषयी त्यांची एक समजूत दूर करावी लागली. भात उकड्या तांदळाचा आहे म्हणून हवा तेवढा चालतो, असे ते मानत होते. साळ उकडताना कोंड्यातील काही ब जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात आणि लाल कोंडा राखलेल्या तांदळात तंतूही अधिक राहतात, त्यामुळे पॉलिश केलेल्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा तो निश्चित बरा. तथापि तो तांदूळच आहे, आणि पाच दवल्यांचा हिशेब त्यालाही लागू होतो.

आम्ही भात एकदम तोडला नाही. दर तीन आठवड्यांनी एक दवली कमी करायची आणि जेवढा भात उतरेल तेवढे दुसरे काही ताटात चढवायचे, असे ठरले. अळसांद्यांचे (चवळीचे) किंवा मुगाचे तोणाक, म्हणजे रस्सा-उसळ, एक वाटीवरून दोन वाट्या झाले. दुधी, भेंडी, तांबडी भाजी, पावसात तायकिळा आणि अळू, जे दारात येईल ते. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे ताटाचा निम्मा भाग भाज्या व फळांनी भरावा असे सांगतात, ते चित्र मी त्यांना दाखवले. पत्नींनी ते पाहून आपल्या भाषेत त्याचा अनुवाद केला : "म्हणजे भात तोंडी लावायला आणि भाजी जेवायला." इतके नेमके मला सांगता आले नसते. जेवताना भाजी आणि तोणाक आधी खावे, भात नंतर घ्यावा, एवढा एक क्रमही त्यांनी लावून घेतला, आणि ग्लुकोमीटरवर जेवणानंतरची साखर उतरलेली दिसल्यावर तो आपोआप टिकला.

न्याहारीला तीन पाव आणि पातळ भाजी असे. पाव मैद्याचा. पोदेराकडे (पाववाल्याकडे) मिळणारी कोंड्याची पोळी, म्हणजे कोंड्याचा चपटा पाव, घ्या असे मी सुचवले होते, पण आजकाल पुष्कळ ठिकाणी ती मैद्याचीच असून वरून कोंडा भुरभुरलेला असतो, हे पत्नींनी पोळी मोडून दाखवले. अखेर एक पाव, भरपूर भाजी आणि एक अंडे किंवा उकडलेले चणे, यावर आम्ही स्थिरावलो. चहाचे गणित वेगळेच निघाले. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने दोन हजार उष्मांकांच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, ती त्यांच्या चहातच संपत होती. तेथेही अर्ध्या-अर्ध्या चमच्याने उतरत दहा आठवड्यांत ते अर्ध्या चमच्यावर आले आणि कपही तीन राहिले.

नारळाला हात लावू द्यायला मात्र घर तयार नव्हते, आणि मीही हट्ट धरला नाही. एका जेवणात एकाच पदार्थात नारळ असेल, हुमण असेल त्या दिवशी भाजी बिनखोबऱ्याची असेल, एवढी तडजोड झाली. मासळी रव्यात तळण्याऐवजी हुमणात किंवा तव्यावर थोड्या तेलात केली जाऊ लागली. बंदी उठल्यावर तारली आणि बांगडे घरात येऊ लागले. हृदयाला हितकारक असलेली ओमेगा-३ मेदाम्ले या स्वस्त मासळीत इसवणाइतकीच (सुरमईइतकीच), किंबहुना अधिक मिळतात, हे ऐकून घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती, म्हणजे गृहस्थांच्या ७६ वर्षांच्या आई, फार खूश झाल्या. जुने ते सारे चांगलेच होते असे मात्र मी मानत नाही. पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीसाठी, मे महिन्यात भरलेली सुकी मासळी, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) आणि मिठातली लोणची यांचे प्रमाण त्यांच्या रक्तदाबाच्या दृष्टीने कमी करावेच लागले, आणि त्या मुद्द्यावर आईंचे व माझे आजही एकमत नाही.

स्वयंपाकघरातील बाई

या प्रकरणातील निर्णायक गोष्ट माझ्या मते भाताच्या मापाहूनही वेगळी आहे. पावडरच्या काळात पत्नींना घरात तीन प्रकारचे जेवण करावे लागत होते. नवऱ्यासाठी काकडी-मूग, सासूबाईंसाठी मऊ भात, आणि स्वतःसाठी व धाकट्या मुलासाठी नेहमीचे. नवऱ्याच्या ताटात उरलेले त्या स्वतः संपवत. त्या दोन महिन्यांत त्यांचे वजन वाढले, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. नव्या आराखड्याविषयी बोलताना त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा : "ह्यांचे वेगळे शिजवायचे आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरू शकत नाही.

ज्या आहारासाठी घरात वेगळी चूल मांडावी लागते तो त्या घराचा कधीच होत नाही. नवीन ताट सर्वांचे एकच होते. फरक फक्त भाताच्या दवल्यांचा होता. मुलगा फुटबॉल खेळतो, तो चार घेई. गृहस्थ स्वतः अडीचवर आले. त्यांच्या आई दोन घेत. सवय रुजण्याविषयी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एखादी कृती आपोआप घडू लागण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागल्याचे आढळले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या वाटचालीत फारसा फरक पडत नाही, असेही त्यात दिसले. मी हे गृहस्थांना मुद्दाम सांगितले, कारण पहिल्या प्रयत्नात एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी ते पूर्ण उपास करीत.

चवथ

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वजन ८३.४ किलो आणि एचबीए१सी ७.६ होता. चवथ ७ सप्टेंबरला होती, आणि मुलीच्या लग्नानंतरची ती पहिलीच चवथ असल्याने सासरी वजें (सणाची भेट) जायचे होते. नेवऱ्या (करंज्या) कमी करा असे सांगण्याची ती वेळ नव्हती. आम्ही दिनदर्शिकेसमोर बसून पाहिले तेव्हा ध्यानात आले की, त्यांच्या घरी चवथ दीड दिवसाची असली तरी नेवऱ्यांचा डबा पंधरा दिवस पुरतो आणि खरी अडचण त्या डब्याची आहे. रात्री जेवणानंतर दूरदर्शनसमोर डबा उघडायचा आणि उभ्या-उभ्या तीन-चार नेवऱ्या संपवायच्या, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत होती. म्हणून नियम एवढाच ठरला की, गोड खायचे ते पानात वाढलेले आणि बसून खायचे. पातोळी, मणगणें, नेवरी, जे देवाच्या नैवेद्यात आहे ते पानात येईल. वजें, शेजारी आणि नातेवाईक यांच्याकडे गेल्यावर घरात मोजकेच उरेल, अशा बेताने पत्नींनी घाणा घातला.

चवथीनंतर दहा दिवसांनी वजन ८४.८ झाले होते. ते खालमानेने आले आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "मोडले सगळे." मी त्यांना ग्लुकोमीटरची वही उघडायला सांगितली. सणाचे दोन दिवस सोडले तर आकडे जवळपास पूर्वीसारखेच होते. चहात साखर वाढली नव्हती आणि भात अडीच दवल्यांवरच होता. वाढलेल्या वजनाचा काही भाग पाण्याचा होता आणि तो ऑक्टोबरपर्यंत उतरला. मोडणे आणि सण साजरा करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांना माझ्या बोलण्यापेक्षा त्यांच्याच हस्ताक्षरातील आकड्यांनी पटवले. त्यानंतर "किती महिने" हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

पुढचे महिने मी थोडक्यात सांगते, कारण त्यांत सांगण्यासारखे फारसे घडले नाही, आणि तसे न घडणे हेच चांगले लक्षण होते. डिसेंबरमध्ये ८१.७ किलो, एचबीए१सी ७.१. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड थांबवले. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे घराच्या रस्त्याने चालणे सुरू झाले. उर्राक शनिवारी एक ग्लास, जेवणासोबत. जून २०२५ मध्ये, म्हणजे बरोबर वर्षानंतर, वजन ७९.२, कंबर ९६ सेंटिमीटर, एचबीए१सी ६.७ आणि ट्रायग्लिसराइड्स १५८.

जुलै २०२५

जुलैत आई पडल्या आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना तीन आठवडे रुग्णालयात राहावे लागले. गृहस्थ रात्री त्यांच्याजवळ थांबत, सकाळी उपाहारगृहात भाजी-पाव व समोसा खाऊन परस्पर कार्यालयात जात आणि दुपारी मिळेल ते जेवत. चालणे बंद पडले, झोप मोडली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वजन ८१ किलो होते. पहिल्या प्रयत्नाच्या वेळची मनोवृत्ती असती तर येथे सगळे संपले असते. या वेळी त्यांनी मला फोन केला तो परवानगी मागण्यासाठी नव्हता. काय करीत आहे ते सांगण्यासाठी होता. चहा अर्ध्या चमच्याचाच आहे, उपाहारगृहात पाव एकच घेतो आणि भाजी दोन प्लेट घेतो, गोळी चुकवलेली नाही, बाकीचे आई घरी आली की पाहू, असे ते म्हणाले. मी त्यात एका शब्दाचीही भर घातली नाही.

आई घरी आल्यावर पेजेची वेळ परत आली. त्यांच्यासाठी सकाळी दहाला केलेल्या पेजेत पत्नींनी मूग घालायला सुरुवात केली आणि सुट्टीच्या दिवशी गृहस्थही तीच एक वाटी घेऊ लागले. चालणे सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झाले, प्रथम आईंना धरून अंगणात, मग एकट्याने रस्त्यावर.

नोव्हेंबर २०२५ ची स्थिती

वजन ७८.६ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर, रक्तदाब १३२/८४, एचबीए१सी ६.६. सतरा महिन्यांत साडेसात किलो वजन उतरले, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सात आठवड्यांत ७.४ किलो उतरले होते. त्यांचा मधुमेह गेला असे मी म्हणणार नाही. औषधांशिवाय किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिला तरच मधुमेह शांत झाला असे म्हणण्याचा संकेत आहे, आणि ते अजून मेटफॉर्मिन घेतात. कंबर अद्याप मर्यादेच्या वर आहे. संध्याकाळी पणजीहून परतताना बसस्थानकावर शेवेची पुडी घेण्याची सवय सुटलेली नाही. त्याविषयी आम्ही तीन वेळा बोललो, आणि ती सुटेल ती कदाचित त्या वेळी डब्यात दुसरे काही असल्यावरच सुटेल. म्हणून आता दुपारच्या डब्याबरोबर भाजलेल्या शेंगदाण्यांची एक लहान डबी जाते.

या भेटीत मला एक गोष्ट उशिरा सुचली, आणि ती मी जून २०२४ मध्येच विचारायला हवी होती. दीड वर्ष प्रत्येक भेटीला पत्नी सोबत येत होत्या. ताट, दवली आणि वही त्या आणत होत्या, पण त्यांची स्वतःची तपासणी कोणीच केली नव्हती. त्यांचे वय ४५ आहे आणि दोन्ही बाळंतपणांत साखर वाढली होती, हे विचारल्यावर कळले. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो, हे मला ठाऊक असूनही मी ते विचारले नव्हते. त्यांची उपाशीपोटीची साखर ११२ निघाली, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. ताट एकच असल्यामुळे बरेचसे काम आधीच सुरू झाले आहे. मात्र त्यांच्या भाताची दवली कधी मोजलीच नव्हती, कारण त्या सर्वांत शेवटी, टोपात जे उरेल ते घेऊन जेवतात. आता त्यांचे पान इतरांच्या बरोबरीने मांडायचे आणि पहिल्यांदा भाजी त्यांना वाढायची, हे काम धाकट्या मुलाकडे दिले आहे. वहीत त्यांच्या नावाचे नवे पान उघडले असून पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे.